भिंतीवरच्या वडिलांचं वय

‘तुम्ही छप्पन्न वर्षांचे अजिबात वाटत नाही,’ असं कोणी म्हणालं की मी आधी खिसा चाचपतो. एवढं गोड बोलणाऱ्याला आपल्याकडून काहीतरी हवं असतं. विमा विकणारे असं बोलतात, सोसायटीच्या निवडणुकीला उभे राहिलेले बोलतात, आणि सकाळी जॉगिंग ट्रॅकवर भेटणारे माझ्याच वयाचे लोक बोलतात, कारण त्यांना तेच वाक्य माझ्या तोंडून परत ऐकायचं असतं. मीही म्हणून टाकतो. आपलं काय जातंय.

यात माझ्या स्वभावाचा दोष आहे तेवढाच कामाचाही आहे. सिन्नरच्या एका कारखान्यात मी तीस वर्षं तयार मालाची तपासणी करतोय. टेबलावर आलेला प्रत्येक भाग चुकलेलाच आहे असं धरून मी हातात घेतो आणि चूक सापडली नाही तर नाइलाजाने पुढे सोडतो. घरीही तेच. बायको म्हणते, तुम्ही साखरेच्या डब्यातली साखरसुद्धा आधी चाखून बघता. बघतो. एकदा मीठ निघालं होतं.

एका बाबतीत मात्र मी कधीच शंका घेतली नाही. माझा एक लाडका सिद्धांत होता. दर पिढी आधीच्या पिढीपेक्षा तरुण दिसते, असा तो सिद्धांत, आणि त्याचा पुरावा आमच्या घरात भिंतीवर टांगलेला होता. माझे वडील छत्तिसाव्या वर्षी गेले, पण फोटोत ते साठीचे दिसतात. टोपीखालून कानाजवळचे पांढरे केस, पांढरी भरघोस मिशी, नाकाच्या दोन्ही बाजूंनी खाली उतरलेल्या खोल सुरकुत्या. मी छप्पन्नचा आहे आणि पंचेचाळीसचा दिसतो; हे मी आरशाला विचारून सांगतोय, लोकांना नाही. माझा मुलगा सत्तावीसचा आहे, नोकरी करतो, आणि बसचा कंडक्टर अजून त्याला कॉलेजचा पास आहे का म्हणून विचारतो.

पाहुणे आले की मी तिन्ही पिढ्या एकापुढे एक मांडायचो. पाहुणे फोटोकडे बघून मान डोलवायचे. ‘तेव्हाची माणसं उन्हातान्हात राबायची हो, लवकर पिकायची,’ असं कोणीतरी म्हणायचंच. हे वाक्य आमच्याकडे इतक्या वेळा म्हटलं गेलं, की छत्तीस वर्षांच्या शेतकऱ्याची मिशी इतकी पांढरी कशी, हा प्रश्न कोणाच्याही डोक्यात आला नाही. माझ्याही नाही, आणि मी स्वतःला तपासनीस म्हणवतो.

खरं सांगायचं तर त्या फोटोवर शंका घेणं मला परवडणारं नव्हतं. वडील गेले तेव्हा मी आठ वर्षांचा होतो. तीन दिवस ताप आला आणि गेले. माझा थोरला भाऊ तेव्हा चौदाचा होता, त्याच्याकडे वडिलांच्या गोष्टींचा भरपूर साठा आहे, आणि त्याबद्दल मला आयुष्यभर त्याचा हेवा वाटत आलाय. माझ्याकडे मोजून दोनच आठवणी आहेत. एक, निफाडच्या बाजारात मी त्यांच्या खांद्यावर बसलोय आणि त्यांची टोपी माझ्या हातात आहे. दुसरी, ते ओट्यावर बसून बशीतून चहा पितायत, पांढरी मिशी चहात बुडतेय आणि ते ती पंच्याने पुसतायत. हा फोटो आणि या दोन आठवणी, एवढेच माझे वडील. बाकी सगळं ऐकीव.

या थंडीत आईला ऐंशी पूर्ण झाली आणि दादाने तिचं सहस्रचंद्रदर्शन करायचं ठरवलं. आमच्यात असलं काही पूर्वी नव्हतं. एखादी बाई ऐंशीची झाली तर झाली, त्या दिवशीही ती कांदे निवडायला बसायची. पण हल्ली गावोगावी लग्नाचे लॉन्स झालेत, आणि लॉन्स झाले की कार्यक्रम सुचतात. दादा गावी शेती बघतो. जेवण, मांडव, बोलावणी त्याच्याकडे. फ्लेक्स नाशिकमध्ये चांगला होतो म्हणून तो माझ्याकडे आला. फ्लेक्सवर मध्ये आई आणि वर गोलात वडील, असं ठरलं. आई सहा वर्षांपासून आमच्याकडेच राहते. गावाहून येताना तिने एक पेटी आणि हा फोटो, एवढंच आणलं होतं.

‘मोबाइलवर काढून ने फोटो,’ ती म्हणाली. ‘खाली कशाला उतरवतो?’

मी मोबाइलवर काढला. फ्लेक्सवाला म्हणाला, काचेवर ट्यूबलाइट आलीय, मूळ फोटो आणा. आईला सांगितलं तर ती म्हणाली, ‘राहू दे मंग. माझा एकटीचाच टाक.’ ज्या बाईने रोज सकाळी आंघोळीनंतर त्या फोटोला हात जोडल्याशिवाय चहा घेतला नाही, ती त्याला स्वतःच्या कार्यक्रमातून वगळायला एका वाक्यात तयार झाली, हे मला खटकलं. सोमवारी ती बायकोबरोबर पंचवटीत महादेवाला गेली, तेव्हा मी खुर्चीवर चढून फोटो खाली उतरवला आणि स्कूटरवर दोन पायांच्या मध्ये उभा धरून दुकानात नेला.

फ्लेक्सवाला चाळिशी ओलांडलेला, कमी बोलणारा माणूस. त्याने फ्रेमच्या मागचे बारीक खिळे काढले, काच बाजूला ठेवली आणि फोटो ट्यूबखाली तिरका धरला. मग चष्मा वर करून अगदी जवळून बघितलं.

‘काका, यावर काम केलंय,’ तो म्हणाला.

‘कसलं काम?’

‘ब्रशचं. मिशी बघा, बोट फिरवलं तर हाताला लागते. कानाजवळ पण तसंच. या सुरकुत्याही काढलेल्या आहेत.’ त्याने फोटो आणखी तिरका केला. ‘आणि एका वेळचं नाहीये हे. खालचा पांढरा पिवळा पडलाय, वरचा अजून पांढराच आहे. दोन-तीनदा केलंय कोणीतरी. मी ज्यांच्या हाताखाली शिकलो ते असलं काम करायचे, पण माणसाला तरुण करायला. म्हातारं केलेला मी पहिल्यांदाच बघतोय.’

मी त्याला स्कॅन करू नको म्हणालो. फोटो वर्तमानपत्रात गुंडाळून बाहेर आलो आणि स्कूटरपाशी नुसता उभा राहिलो. माझ्या डोक्यात पहिला विचार आला तो असा, की हे माझे वडील नाहीतच. कोणाचा तरी भलत्याचाच फोटो रंगवून आमच्या भिंतीवर लावला आणि मी अठ्ठेचाळीस वर्षं त्याला नमस्कार करतोय. मला खरोखर घाम फुटला. घरात वडिलांचा दुसरा एकही फोटो नाही. हा खोटा निघाला तर माझ्याकडे काय उरतं, याचा हिशोब करायला वेळ लागत नव्हता.

मी तिथूनच दादाला फोन लावला. म्हणालो, ‘दादा, आपल्या फोटोवर कोणीतरी रंग दिलाय.’

तो म्हणाला, ‘काच बदलताना झालं असल काही. तू फ्लेक्सचं बघ ना बाबा, दिवस कमी हायेत.’ आणि त्याने आचाऱ्याबद्दल बोलायला सुरुवात केली.

ज्याला काही माहीत नसतं तो माणूस आधी विचारतो, कसला रंग, कुठे दिलाय, तुला कोणी सांगितलं. त्याने यातलं काहीच विचारलं नाही. दादाला खोटं बोलता येत नाही, फक्त विषय बदलता येतो, आणि तो लहानपणापासून आचारी, पाऊस किंवा द्राक्षांचा भाव यांवरच जातो. त्याला माहीत होतं, एवढं नक्की झालं.

पण काच हा शब्द माझ्या मनात अडकला. आमच्या घरी त्या फोटोची काच वरचेवर फुटायची. दादाच्या लग्नानंतर एकदा फुटली. माझ्या लग्नाच्या आधी फुटली. पुतणीच्या लग्नाच्या वेळीही फुटली, तेव्हा तर मी चाळिशीचा होतो. दर वेळी आईनेच ती बदलून आणली. आमची मेथी-कोथिंबीर पंचवटीच्या भाजी मार्केटला यायची, आई टेम्पोबरोबर यायची आणि फोटो जुन्या लुगड्यात गुंडाळून जुड्यांच्या मध्ये ठेवायची. मी म्हणायचो, दे, मी नेतो. ती देत नसे. फुटलेल्या काचेचा एक तुकडाही मी कधी पाहिल्याचं मला आठवेना.

घरी आलो. अजून कोणी आलं नव्हतं. मी जेवणाच्या टेबलावर वर्तमानपत्र पसरलं, त्यावर फोटो ठेवला, वाटीत पाणी घेतलं आणि कापसाचा बोळा ओला करून मिशीच्या डाव्या टोकावर हलकेच फिरवला. कापूस पांढरा झाला. तिथेच थांबायला हवं होतं, कारण जे कळायचं ते कळलं होतं. पण मी थांबलो नाही. तपासणी सुरू केली की मला अर्ध्यावर सोडता येत नाही. डावी मिशी, डाव्या कानाजवळचे केस, नाकाच्या डाव्या बाजूची सुरकुती, असं करत मी चेहऱ्याचा अर्धा भाग पुसून काढला.

खालून एक तरुण माणूस निघाला. काळीभोर मिशी, तुकतुकीत गाल, डोळ्याच्या कडेला थोडं हसू. माझ्या मुलापेक्षा फार तर आठ-नऊ वर्षांनी मोठा. उजवीकडे मला ठाऊक असलेले साठीचे वडील आणि डावीकडे हा. डोळे एकच, कान एकच, तेव्हा माणूस भलता नव्हता. माझी पहिली शंका खोटी ठरली. मला हायसं वाटायला हवं होतं.

पण मी त्या डाव्या बाजूकडे बघत राहिलो आणि मला काहीच आठवेना. उजवी बाजू हाताने झाकून बघितली, तरी नाही. हा माणूस बशीतून चहा पीत नव्हता. बाजाराच्या आठवणीत त्याला घालून बघितलं, आणि तेव्हा इतक्या वर्षांत पहिल्यांदा माझ्या लक्षात आलं, की खांद्यावर बसलेल्या मुलाला चेहरा दिसतच नाही. म्हणजे मला आठवत होती ती मिशी पंचवटीतल्या कुठल्या तरी फोटोवाल्याने रंगवलेली होती.

तेवढ्यात कुलूप उघडलं. बायको आत आली, तिने टेबलाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि हातातली पिशवी घेऊन सरळ स्वयंपाकघरात गेली. मागून आई आली. ती टेबलापाशी येऊन उभी राहिली. मला वाटलं, ती ओरडेल. ती खुर्ची ओढून बसली.

‘पुसलं व्हय,’ ती म्हणाली.

‘आई, हे तू केलंस?’

‘मी कुठं. फोटोवाल्यानं केलं. मी करून घेतलं.’

‘का?’

तिने पदराने कपाळ टिपलं. ‘दादाचं लगीन झालं ना, तव्हा नवरीकडच्या बाया घर बघायला आल्या व्हत्या. त्यातली एक म्हातारी फोटोपाशी उभी ऱ्हायली आन् मला म्हनली, थोरला ल्योक गेला का ओ तुमचा? लय देखना व्हता.’

मी हातातला बोळा वाटीत टाकला.

‘मी बेचाळीसची व्हते. पन उन्हानं अशी झाले व्हते का कोनी पंचावन्न म्हनावं. आन् हे तसेच. पस्तिशीचे. आता त्या बाईला काय सांगू, मालक हायेत म्हनून? चार बाया हसल्या असत्या.’

‘मग काय म्हणालीस?’

‘व्हय म्हनले.’

हे तिने खाली बघून सांगितलं. अडतीस वर्षांपूर्वीची गोष्ट, पण सांगताना तिचा चेहरा असा पडला होता, की जणू ती बाई आत्ताच उठून गेलीय. पुढे कितीतरी दिवस तिला त्या फोटोकडे बघवेना. मग एका सकाळी तिने फोटो मेथीत घातला आणि मार्केटमागच्या गल्लीतल्या फोटोवाल्याकडे नेला. पहिल्यांदा थोडेच केस पांढरे केले, घरात कळू नये म्हणून. दादाला कळलं, तो त्या दिवशी टेम्पोत होता. त्याला तिने शपथ घातली. माझ्या लग्नाच्या आधी ती पुन्हा गेली, कारण पोराच्या लग्नात बाप शोभला पाहिजे. पुतणीच्या लग्नाच्या आधी तिसऱ्यांदा. त्यानंतर तो फोटोवाला वारला, म्हणून वडील साठीलाच थांबले. म्हणजे अठराव्या वर्षापर्यंत काळी मिशीच मी रोज भिंतीवर बघत होतो, आणि ती माझ्या डोक्यातून कधी पुसली गेली, हेही मला कळलं नव्हतं.

एव्हाना मला राग आला होता. तिची कीव यायला हवी होती, पण आला तो रागच. ‘तुझं ठीक आहे गं,’ मी म्हणालो, ‘तुला ते माहीत होते. मला काय आठवतं माहितीय? पांढरी मिशी. ते ओट्यावर बसून बशीतून चहा प्यायचे, ती मिशी चहात बुडायची. माझ्याकडे दोन आठवणी होत्या, त्यातली एक तू रंगवून टाकलीस.’

आई माझ्याकडे बघायला लागली. तिला खरंच नवल वाटलं होतं.

‘ते तुझे आजोबा, बाबा,’ ती म्हणाली. ‘ओट्यावर तेच बसायचे. ह्यांनी जल्मात कधी चहाला तोंड लावलं नाय. ह्यांना दूध लागायचं.’

स्वयंपाकघरात भांड्यांचा आवाज थांबला होता. मी ती आठवण उलटीपालटी करून बघितली. ओटा, बशी, पंचा, म्हातारे हात. तिने सांगितल्यावर ते हात म्हातारेच दिसायला लागले, आणि आता तेही मला तिने सांगितलं म्हणून दिसतायत का, हे मी ओळखू शकत नव्हतो. आयुष्यभर मी जगावर संशय घेतला आणि स्वतःच्या डोक्यातला माल न तपासता पुढे सोडत राहिलो.

‘आणि बाजारात खांद्यावर न्यायचे, ते?’ मी विचारलं.

‘ते खरं हाय. तू टोपी काढून घ्यायचा. त्यांना ऊन लागायचं, पन मागायचे नाय परत.’

‘खरं ना? की मला बरं वाटावं म्हणून सांगतेस?’

ती किंचित हसली. ‘आता तुला जे वाटल ते.’

मी डोळे पुसले. मला रडू आलं होतं, ते लपवण्यात काही अर्थ नव्हता. शेवटी म्हणालो, ‘आई, उरलेली बाजूही पुसतो. आता कोण विचारतंय? सगळ्यांना खरं सांगू. फ्लेक्सवर खरे वडील येऊ देत.’

तिने फोटो स्वतःकडे ओढला. चष्मा पुसून लावला आणि त्या काळ्या मिशीच्या बाजूकडे बराच वेळ बघितलं. इतक्या वर्षांनी ती त्याला पुन्हा बघत होती. मला वाटलं, ती हो म्हणेल.

‘हा गेला,’ ती म्हणाली. ‘तीन दिवसांत दोन पोरं माझ्या वटीत टाकून गेला. मला काय वय व्हतं रे तव्हा.’ मग तिने बोट दुसऱ्या बाजूला नेलं. ‘हे नाय गेले. हे माझ्यासंगं म्हातारे झाले. दादाची सोयरीक ह्यांना विचारून केली. तुझ्या लग्नात हे व्हते. तुला नोकरी लागली तव्हा मी आधी ह्यांना सांगितलं, मंग गावात पेढे वाटले.’ तिने फोटो परत माझ्यापुढे सरकवला. ‘व्हते तसे करून दे.’

मी तिला सांगू शकलो असतो, की मला हे येत नाही. सांगितलं नाही. माळ्यावर मुलाचं शाळेतलं सामान होतं, त्यात रंगांचा डबा सापडला. पांढऱ्या रंगाची बाटली वर वाळली होती, खाली ओली होती. बायकोने बशी आणून ठेवली आणि बारीक ब्रश धुऊन दिला. मी खुर्ची खिडकीकडे घेतली. चुकलेला एकही भाग मी तीस वर्षांत कारखान्याबाहेर जाऊ दिलेला नाही, आणि भर दुपारी माझ्याच घरात बसून मी धडधडीत खोटं काम करायला घेतलं होतं.

मिशी जमली. उजव्या बाजूचं बघून डावीकडे तसंच टोक काढलं. कानाजवळचे केस थोडे जास्त झाले. नाकाजवळची सुरकुती दोनदा पुसून तिसऱ्यांदा बरी आली. काळी मिशी दिसेनाशी होत गेली आणि मी तिला थांबवलं नाही. ती माझ्या ओळखीची नव्हती.

‘भुवया ऱ्हायल्या,’ आई म्हणाली.

‘भुवया पहिल्यापासून काळ्याच आहेत, आई. फोटोवाल्याने केल्या नव्हत्या.’

‘तव्हा मी चौसष्टची व्हते. आता ऐंशीची झाले ना.’

‘किती पांढऱ्या करू?’

‘माझ्याकडं बघ आन् कर.’

मी मान वर करून तिच्याकडे बघितलं. ती समोरच्या खुर्चीत ताठ बसली होती, पदर नीट करून, खिडकीच्या उजेडात चेहरा माझ्याकडे वळवून. भुवयांत तिच्या एकही काळा केस नव्हता. सहा वर्षं ती माझ्या घरात राहत होती आणि रोज सकाळी माझ्यासमोर बसून चहा घेत होती. ते केस कधी पांढरे झाले, हे मला सांगता आलं नसतं. ‘हलू नकोस,’ मी म्हणालो आणि ब्रश रंगात बुडवला.